एका झाडावरचे पांच पाहुणे
(रॉबर्ट मॅकआर्थर यांचें अल्पचरित्र)

एकाच झाडावर एकाच कुळांतले, जवळजवळ सारख्याच आकाराचे आणि किडे टिपूनच पोट भरणारे पांच जातींचे पक्षी नांदत असतील, तर त्यांच्यांत अन्नासाठीं झगडा होऊन बलिष्ठ जात तेवढीच शिल्लक कां राहत नाहीं? हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासतो. परंतु ह्याच्याच उत्तरानें रॉबर्ट मॅकआर्थर ह्या शास्त्रज्ञाची कीर्ति दिगंत झाली.

मॅकआर्थर यांचा जन्म ७ एप्रिल १९३० रोजीं कॅनडांतील टोरांटो शहरीं झाला. त्यांचे वडील आनुवंशिकताशास्त्राचे प्राध्यापक होते. मॅकआर्थर यांचें महाविद्यालयीन शिक्षण अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यांत, मार्लबरो येथें झालें. १९५३ सालीं ब्राऊन विद्यापीठांतून त्यांनीं गणितांत एम्. ए. ची पदवी मिळविली. परंतु त्यांचें मन रानांतील पांखरांत गुंतलें होतें. म्हणून येल विद्यापीठांत हचिन्सन ह्या विख्यात गुरूंच्या हाताखालीं त्यांनीं जीवशास्त्राच्या अभ्यासास आरंभ केला.

ज्यांच्या गरजा तंतोतंत सारख्या आहेत अशा दोन जाती एके ठिकाणीं दीर्घकाळ टिकूं शकत नाहींत, असा सिद्धान्त त्या काळीं मान्य झाला होता. मेन व व्हरमाँट येथील स्प्रूस वृक्षांच्या अरण्यांतील वार्बलर नांवाचे पांच चिमुकले पक्षी मात्र ह्या नियमास अपवाद भासत. १९५६ व १९५७ च्या उन्हाळ्यांत मॅकआर्थर त्या अरण्यांत जाऊन बसले. प्रत्येक झाडाचे त्यांनीं मनानें दहा दहा फूट उंचीचे थर कल्पिले. प्रत्येक फांदीचेहि बुंध्याजवळचा, मधला आणि शेंड्याचा असे तीन भाग केले. कोणता पक्षी कोणत्या भागांत किती सेकंद चरतो, ह्याची ते नोंद ठेवीत.

ह्या चिकाटीस फळ आलें. एक जात मुख्यत्वें झाडाच्या शेंड्याकडे चरे, दुसरी मध्यभागीं फांद्यांच्या आंतील बाजूस, तर तिसरी खालच्या फांद्यांवर व जमिनीजवळ. भक्ष्य शोधण्याची रीतहि प्रत्येकीची निराळी. एक झाड म्हणजे जणूं अनेक दालनांचा वाडाच होता! पांचांपैकीं दोन जातींचें भवितव्य स्प्रूसचे कोंब खाणाऱ्या अळीवर अवलंबून होतें. अळीचा सुकाळ झाला कीं त्या अधिक अंडीं घालीत व त्यांची संख्या वाढे. अळी ओसरली कीं त्याहि ओसरत. हा निबंध १९५८ सालीं प्रसिद्ध झाला.

पुढें १९६१ सालीं त्यांनीं आपले बंधु जॉन यांच्यासह निरनिराळ्या वनांची तुलना केली. वनांत वृक्षांच्या जाती किती, ह्यापेक्षां पालवीचे थर किती, ह्यावरून तेथील पक्ष्यांची विविधता अधिक अचूक सांगतां येते, असें त्यांस आढळलें. जमिनीलगतचें गवत, मधलीं झुडुपें आणि वरचें छत्र हीं तिन्ही असलीं म्हणजे अनेक जातींची सोय होते. ह्यावरून, मोठे वृक्ष राखून खालचीं झुडुपें तेवढीं तोडलीं तर रान राहिलें असें आपणांस वाटेल. पण कित्येक पांखरांचें घर व अन्न गेलेलें असेल!

१९६५ पासून मॅकआर्थर प्रिन्स्टन विद्यापीठांत अध्यापन करूं लागले. १९६७ सालीं विल्सन ह्या सहकाऱ्यासह त्यांनीं बेटांवरील जीवसृष्टीविषयीं एक गाजलेला ग्रंथ लिहिला. परंतु १९७१ सालीं त्यांस मूत्रपिंडाचा कर्करोग असल्याचें कळून आलें. आयुष्य थोडें उरलें आहे हें जाणूनहि त्यांनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. १९७२ सालीं त्यांचा अखेरचा ग्रंथ बाहेर पडला आणि त्याच वर्षीं १ नोव्हेंबर रोजीं, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

मागाहून झालेल्या संशोधनानें त्यांच्या कांहीं मतांस मर्यादा घातल्या. शत्रु, हवामान आणि घरट्यास योग्य जागा ह्यांचाहि पक्ष्यांच्या वस्तीवर परिणाम होतो, हें आज आपण जाणतों. तथापि, वन म्हणजे केवळ वृक्षांची गणती नव्हे, ही दृष्टि त्यांनीं दिली.

बालमित्रहो, मॅकआर्थर यांच्याजवळ मोठीं यंत्रें नव्हतीं. होती ती तीक्ष्ण नजर, सेकंदांचा हिशेब आणि अपार धीर. आपल्या अंगणांतील एखाद्या झाडाखालीं तुम्हीहि एक सकाळ स्वस्थ बसून पाहा. कोण कोठें बसतें आणि काय खातें, हें नीट टिपून ठेवा. एका झाडाचें ज्ञान झालें म्हणजे अरण्याचें दार उघडूं लागतें.