पालवणकर बाळू यांचें चरित्र व त्यापासून बोध

कुणकेश्वराच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली म्हणजे ओली वाळू पाटासारखी घट्ट होते, आणि वाडीवाडींतील मुलें तेथें चेंडूफळीचा, म्हणजे क्रिकेटचा, डाव मांडतात. माडाच्या झावळीचा देठ कापून फळी करावी, तीन काठ्या वाळूंत रोवाव्या, कीं खेळास आरंभ झाला. चेंडू कोणाच्या हातून आला हें फळी धरणारा विचारीत नाहीं. परंतु आपल्या देशांत एक काळ असा होता, कीं ज्या हातांतील चेंडू सर्वांस चालत असे, त्याच हातांतील पाण्याचा पेला कोणास चालत नसे. त्या काळांत जन्मून, मैदान झाडण्याच्या कामापासून हिंदुस्थानच्या पहिल्या प्रतीच्या गोलंदाजापर्यंत जे पोहोंचले, त्या पालवणकर बाळू यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों. हे गृहस्थ ख्रिस्ती नव्हते. तथापि त्यांच्या आयुष्यांत आमच्या मंडळ्यांनीं व उपदेशक बंधूंनीं मनन करावें असें पुष्कळ आहे.

बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें झाला. कुळाचें मूळ गांव कोकणांतील पालवण. त्यावरून पालवणकर हें आडनांव आलें. जात चांभाराची, म्हणजे त्या वेळच्या समजुतीप्रमाणें अस्पृश्य. वडील लष्करी चाकरींत असल्यामुळें कुटुंब पुण्याच्या छावणींत आलें. बाळू वडील भाऊ. शिवराम, गणपत व विठ्ठल हे धाकटे. छावणींतील साहेब लोक खेळून उरलेलें साहित्य टाकून देत. तें घेऊन बाळू व शिवराम खेळूं लागले. कोणी गुरु नव्हता, कीं कोणी उत्तेजन देणारा नव्हता. घरची गरिबी असल्यामुळें शिक्षणही फार झालें नाहीं आणि बाळूस लहानपणींच कामास लागावें लागलें.

पहिली नोकरी पुण्यांतील पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबांत मिळाली. काम खेळण्याचें नव्हे. खेळपट्टी झाडावी, तिच्यावर रूळ फिरवावा. पगार महिना ३ रुपये. पुढें सन १८९२ च्या सुमारास युरोपियन लोकांच्या पूना क्लबांत चाकरी लागली, तेथें १ रुपया अधिक मिळूं लागला. येथेंही काम तेंच: रूळ ओढावा, चुन्याच्या रेघा माराव्या, सरावाचीं जाळीं उभीं करावीं, आणि वेळ पडल्यास टेनिसच्या पटांगणाचीही निगा राखावी. असल्या कामांत मनुष्याचें मन सहज कंटाळतें. परंतु बाळूनें डोळे उघडे ठेविले होते. कोणता साहेब पाऊल कसें टाकतो, खांदा कसा फिरवितो, चेंडू बोटांतून कसा सोडतो, हें तो दुरून न्याहाळीत असे. आणि ज्या जमिनीवर रोज रूळ ओढला, ती जमीन ओली असतां चेंडूस कशी वळविते व वाळल्यावर कशी उसळविते, हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक असणार?

एके दिवशीं एका साहेबास सरावासाठीं गोलंदाज पाहिजे होता. त्यानें बाळूस चेंडू टाकण्यास सांगितलें. बाळू डावखुरा. चेंडूचा वेग बेताचा, पण टप्पा अचूक, आणि पडल्यावर चेंडू कोणत्या बाजूस वळेल याचा नेम नाहीं. लवकरच क्लबाचे सर्व खेळाडू त्याजकडून सराव करून घेऊं लागले. त्यांत ग्रेग नांवाचे लष्करी अधिकारी प्रमुख होते. हे पश्चिम हिंदुस्थानांतील युरोपियनांचे नामांकित फलंदाज. पुढें उतारवयांत, सन १९३५ मध्यें, त्यांनीं रोमन कॅथलिक पंथांत याजकपदाची दीक्षा घेतली. ग्रेग साहेब इतर मंडळींच्या आधीं तासभर मैदानावर येत, आणि बाळू त्यांस चेंडू टाकीत असे. बाळूनें त्यांस बाद केलें, तर दर वेळीं आठ आणे बक्षीस मिळे, अशी आख्यायिका आहे. तिचें खरेंखोटें कांहीं असो. ग्रेग साहेबांची फलंदाजी व बाळूची गोलंदाजी या सरावानेंच कसास लागली, यांत संशय नाहीं.

परंतु येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. इतकीं वर्षें चेंडू टाकूनही त्या क्लबांत बाळूच्या हातांत फळी कोणी दिली नाहीं. फलंदाजी ही साहेबांची, चेंडू टाकण्याचे श्रम चाकराचे, असा तेथील दंडक होता. हे साहेब ख्रिस्ती म्हणविणारे होते आणि रविवारीं उपासनेसही बसत असतील. जातिभेद हा केवळ हिंदु समाजाचा दोष, असें म्हणून आम्हांस मोकळें होतां येत नाहीं, तें याचसाठीं.

बाळूची कीर्ति गांवांत पसरली, तेव्हां पुण्याच्या हिंदु खेळाडूंपुढें मोठा पेंच पडला. युरोपियनांच्या संघास हरवावें ही त्यांची फार दिवसांची इच्छा, आणि तें साधून देणारा गोलंदाज समोर उभा; पण तो चांभार! कांहीं तेलगु सभासद त्यास घेण्यास अनुकूल होते, तर पुण्यांतील ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अखेरीस विजयाच्या इच्छेनें सोवळ्यावर मात केली आणि बाळूस संघांत घेण्यांत आलें.

मात्र ती मात अर्धीच होती. मैदानावर बाळूनें टाकलेला चेंडू उचलून सर्व जण परत त्याच्या हातीं देत; त्यांत विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली, म्हणजे इतर खेळाडू मंडपांत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूस तो बाहेर, वापरून फेंकून देण्याच्या मातीच्या भांड्यांत दिला जाई. तोंड धुण्यास पाणी द्यावयाचें, तर तेंही अस्पृश्य चाकराच्या हातून. जेवणाचें ताट वेगळें, पंगत वेगळी. एका घटकेस ज्याच्या जिवावर संघ उभा, पुढच्या घटकेस तोच बाहेर उभा! बाळूनें हें सारें सोसलें व आपलें काम चालू ठेविलें. त्याच्या मनांत काय येत असेल, याची कल्पना आमच्यापैकीं ज्यांचे आजेपणजे गांवाबाहेरच्या वस्तींत राहिले, त्यांस सांगावयास नको.

पुढें सातारा येथें युरोपियनांच्या जिमखान्याशीं सामना झाला. बाळूचा चेंडू वळूं नये म्हणून तेथें खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरविला होता, असें सांगतात. ज्यानें उभें तारुण्य रूळ ओढण्यांत घालविलें, त्यास रुळाचें भय तें काय? त्यानें ७ गडी बाद केले आणि पुण्याचा संघ विजयी झाला. परत आल्यावर सत्कारसमारंभ झाला, त्यांत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं आपल्या जातभाईंस स्पष्ट शब्दांत सुनावलें, कीं ज्याच्यासह तुम्हीं खेळतां, त्याच्यासह तुम्हांस खाण्यापिण्यास हरकत कां असावी? दुसऱ्या एका प्रसंगीं लोकमान्य टिळकांनींही बाळूंचा सत्कार केला.

इतक्यांत पुण्यांत प्लेगची सांथ आली आणि बाळू मुंबईस आले. तेथें परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्यांत त्यांस प्रवेश मिळाला. कुरकुर येथेंही झालीच, पण ती टिकली नाहीं. बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेंत नोकरी करून ते त्या कंपनीच्या संघांतही खेळत. मुंबईंत खाण्यापिण्याची भिंतही हळूहळू ढासळत गेली, आणि बाळू व शिवराम यांस सहकाऱ्यांच्या पंगतीस बसतां येऊं लागलें.

त्या काळीं मुंबईचे सामने हीच या देशांतील सर्वांत मोठी स्पर्धा होती. युरोपियन व पारशी यांच्या सामन्यांत पुढें हिंदूंचा संघ मिळाला आणि १९१२ पासून मुसलमानांचाही. फेब्रुवारी १९०६ मध्यें हिंदु व युरोपियन यांचा सामना बाँबे जिमखान्याच्या मैदानावर झाला. हिंदूंनीं पहिल्या डावांत २४२ व दुसऱ्यांत १६० धांवा केल्या; युरोपियनांच्या १९१ व १०२ झाल्या. हिंदु संघ १०९ धांवांनीं जिंकला. बाळूंच्या गोलंदाजीचा या यशांत मोठा वांटा होता, आणि शिवरामही त्या संघांत होते. समाजसुधारकांच्या पत्रांनीं या विजयाची थोरवी धांवांवरून मोजली नाहीं. ज्यांस पूर्वीं मंडपाबाहेर ठेविलें होतें, त्यांस आंत घेऊन हा विजय मिळाला, याचा त्यांस विशेष आनंद वाटला.

सन १९११ मध्यें पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. बाळू व शिवराम दोघेही त्यांत होते. बाळूंचें वय त्या वेळीं पस्तिशीचें, आणि खांदा दुखरा. संघाची कामगिरी बेताचीच झाली: २३ सामन्यांपैकीं ६ जिंकले, १५ हरले व २ अनिर्णित राहिले. पण बाळूंनीं एकट्यानें ११४ गडी बाद केले, दर गड्यामागें १८.८४ धांवा देऊन. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावांत १०३ धांवांत ८ गडी, लॉर्ड्सच्या प्रख्यात मैदानावर एम. सी. सी. विरुद्ध ९६ धांवांत ४ गडी, असे त्यांचे पराक्रम नोंदलेले आहेत. घरीं परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य बांधवांनीं त्यांचा मोठा गौरव केला. ज्यांस देवळाच्या पायरीवरही उभें राहूं देत नसत, त्यांच्यांतील एक जण सातासमुद्रांपलीकडे देशाचें नांव गाजवून आला होता.

इतकें असूनही एक मान त्यांस कधीं मिळाला नाहीं. हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांच्या योग्यतेस व अनुभवास साजेसें होतें. पण वर्षामागून वर्षें तें दुसऱ्यास दिलें गेलें. कर्णधार पै यांनीं तर आपल्याच सत्काराच्या वेळीं मोकळेपणानें सांगितलें, कीं हा मान वस्तुतः बाळूंचा होता. सन १९२० मध्यें बाळूंस संघांतून वगळलें व विठ्ठल यांचाही हक्क डावलला, तेव्हां शिवराम व विठ्ठल यांनीं जातीमुळें होणाऱ्या या अन्यायाचा जाहीर निषेध करून संघांतून अंग काढून घेतलें. अखेर बाळूंस उपकर्णधार नेमून समेट झाला, आणि पारशांविरुद्धच्या सामन्यांत पै मैदानाबाहेर गेले असतां कांहीं वेळ संघ बाळूंच्या हुकुमाखालीं खेळला. त्याच सुमारास त्यांनीं मोठ्या सामन्यांतून निवृत्ति घेतली. पहिल्या प्रतीच्या ३३ सामन्यांत त्यांनीं १७९ गडी बाद केले होते. थोरल्यानें जें पेरलें, त्याची कापणी धाकट्यानें केली: १९२३ सालीं विठ्ठल हिंदु संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीं स्पर्धा त्यांनींच जिंकली.

पुढें बाळू राजकारणांत पडले. १९३२ च्या पुणें करारावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांत तेही आहेत. १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळाच्या निवडणुकींत काँग्रेसनें त्यांस डॉ. भीमराव आंबेडकरांविरुद्ध उभें केलें. आंबेडकरांस १३,२४५ मतें पडलीं व बाळूंस ११,२२५. अस्पृश्यांची सुटका कोणत्या मार्गानें व्हावी याविषयीं या दोघांचें मत भिन्न होतें, पण सुटका व्हावी याविषयीं नव्हतें. ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईंत बाळू यांचा अंत झाला.

आतां वाचकहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावें? हलक्या मानलेल्या कामांतही डोळे उघडे ठेविले, तर तेंच काम शाळा होतें, हा एक बोध आहे. आमच्या खेड्यांतील कित्येक शाळामास्तरांनीं व उपदेशकांनीं तो स्वतःच्या आयुष्यांत अनुभविला आहे. परंतु यापेक्षां खोल असा दुसरा बोध आहे, आणि तो आम्हांस बोंचणारा आहे.

पुण्याच्या त्या मंडपांत बसलेले लोक दुष्ट होते असें नाहीं. बाळूचे गुण त्यांस मान्य होते, त्याच्या विजयानें त्यांस हर्ष होत असे. त्यांस त्याचा हात पाहिजे होता. त्याचा शेजार नको होता. हें पाप आमच्या मंडळ्यांत शिरलें नाहीं काय? उपासनेंत आपण एका सुरांत गातों, प्रभुभोजनाच्या वेळीं एकाच भाकरीचे वांटेकरी होतों. मग लग्नाच्या पंगतींत पूर्वींच्या जातीची आठवण कोठून येते? अमक्या वाडींतल्या बंधूचें भजन गोड लागतें, आणि त्याच्या घरचें पाणी घेतांना हात कां आखडतो? त्याच्या मुलास आपली मुलगी देण्याची गोष्ट निघाली, म्हणजे मान खालीं कां जाते? अंत्युखियांत प्रेषित पेत्रही एकदां असाच पंगतींतून मागें सरला होता. विदेशी बंधूंबरोबर जेवणारा तो, यरुशलेमाहून माणसें येतांच भ्याला. पौलानें त्यास सर्वांसमक्ष दोष लाविला, कारण प्रश्न जेवणाचा नसून सुवार्तेच्या सत्याचा होता. ज्यांस हा प्रसंग पुन्हा वाचावयाचा असेल, त्यांनीं गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढावा. आणि आपला प्रभु तर तहानेला होऊन विहिरीवर बसला, आणि शोमरोनी स्त्रीच्या हातचें पाणी त्यानें आपण होऊन मागितलें.

येत्या रविवारीं उपासना आटोपल्यावर ज्या घरीं आपण आजवर पाणी प्यालों नाहीं, त्या घरीं जावें, ओटीवर बसावें, आणि पाणी मागावें. मातीच्या त्या फुटक्या भांड्याचें प्रायश्चित्त व्याख्यानांनीं होणार नाहीं. एका तांब्याभर पाण्यानें त्याचा आरंभ होऊं शकेल. प्रभु आपणां सर्वांस तसें धैर्य देवो.