चाळिशीनंतरची विद्यार्थिनी : कमलाबाई निंबकर

बारावीचा निकाल लागला की पालक शाळेत येतात आणि मुलाला पुढे काय करता येईल ते विचारतात. डॉक्टरकी, अभियांत्रिकी, डी.एड., नर्सिंग, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा, इतकी नावे ठरलेली असतात. दिव्यांग माणसांसाठी काम करायचे आहे, त्यासाठी कोणते शिक्षण घ्यावे, असा प्रश्न माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी विचारलेला मला आठवत नाही. याचे कारण आपली मने निष्ठुर आहेत असे नव्हे. त्या कामासाठी दयाळू मन पुरते, शिक्षणाची गरज नसते, असे आपण धरून चाललो आहोत. ही समजूत खोडून काढणारी एक स्त्री आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. तिची पाठ्यपुस्तकांनी फारशी दखल घेतली नाही, म्हणून या स्मरणिकेत तिचे चरित्र थोडक्यात मांडतो.

कमलाबाई निंबकर यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. जन्म 1900 सालचा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील माउंट हॉली या गावचा. लंडी कुटुंब क्वेकर पंथाचे. या पंथात पुरोहित नाही. प्रत्येक माणसाच्या अंतरी सारखाच प्रकाश असतो, म्हणून माणसामाणसांत उच्चनीच नाही, अशी त्यांची धारणा. अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध सर्वांत आधी संघटितपणे उभे राहिलेल्यांत क्वेकरांची गणना होते. त्याच माउंट हॉली गावात अठराव्या शतकात जॉन वुलमन नावाचा एक शिंपीकाम करणारा गृहस्थ राहत असे. तरुणपणी दुकानात कारकून असताना मालकाच्या सांगण्यावरून त्याने एका गुलाम स्त्रीच्या विक्रीचा कागद लिहून दिला. ते कृत्य त्याच्या मनाला इतके लागले की पुढे तसा कागद लिहिण्यास तो नकार देऊ लागला आणि उरलेले आयुष्य त्याने गुलामगिरी सोडा असे घरोघरी सांगत फिरण्यात घालवले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला असे गाव महत्त्वाचे वाटते. माणसाची घडण ज्या मातीत होते, ती माती आधी कोणी तरी नांगरलेली असते.

एलिझाबेथ यांचे महाविद्यालयीन शिक्षण न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात झाले. हे कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेले स्त्रियांचे महाविद्यालय. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात ज्या कोलंबियात शिकले, तेच हे विद्यापीठ. एलिझाबेथ तेथे पोहोचल्या त्या त्यांच्यानंतर. विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी त्यांनी 1930 च्या सुमारास विवाह केला, त्या भारतात आल्या आणि कमला हे नाव घेऊन मुंबईच्या झाल्या. परदेशातून सून म्हणून आलेल्या बाईने संसार सांभाळला, पाहुण्यांची उठबस केली, एवढ्यावर ही कथा संपली असती तरी कोणी दोष दिला नसता.

ती तेथे संपली नाही. 1940 च्या दशकात, चाळिशी ओलांडल्यावर, कमलाबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. त्या अमेरिकेत गेल्या आणि फिलाडेल्फिया येथील व्यवसायोपचाराच्या शाळेत त्यांनी प्रवेश घेतला. व्यवसायोपचार म्हणजे इंग्रजीतील ऑक्युपेशनल थेरपी. मराठी नाव थोडे फसवे आहे. व्यवसाय म्हटले की आपल्याकडे पालकांना धंदा आठवतो. येथे व्यवसाय याचा अर्थ माणसाचे दिवसभराचे करणे असा घ्यायचा. सदऱ्याची गुंडी लावणे, भाकरी मोडणे, आंघोळ करणे, पाटीवर लिहिणे, माग चालवणे, हे सारे त्यात आले.

या शास्त्राला जोर आला तो पहिल्या महायुद्धानंतर. हातपाय गमावलेले, मनाने खचलेले हजारो सैनिक रुग्णालयांत पडून होते. जखम भरली तरी माणूस उभा राहत नव्हता. तेव्हा असे दिसून आले की हेतू असलेले काम हातांना दिले तर स्नायू आणि मन दोन्ही सावरतात. मात्र कोणते काम द्यायचे, किती वेळ द्यायचे, कोणत्या सांध्यावर किती भार टाकायचा, हे ठरवण्यास शरीररचना, रोगविज्ञान आणि मानसशास्त्र यांचा अभ्यास लागतो. लुळ्या बोटांना आधार देणारी पट्टी कशी बनवावी, चमच्याचा दांडा किती जाड करावा, ज्या हाताची संवेदना कुष्ठरोगाने गेली आहे तो चुलीवरच्या भांड्याने भाजू नये म्हणून काय करावे, हे शिकावेच लागते. दयेने ते येत नाही. दया रुग्णाला घास भरवते. व्यवसायोपचार त्याच्या हाताने त्याला जेवायला शिकवतो. यातील अंतर स्वाभिमानाचे आहे आणि आपल्या समाजाला ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

मुंबईला परतल्यावर कमलाबाईंनी परळच्या केईएम रुग्णालयात काम उभे केले. हा गिरण्यांचा भाग. याच परळच्या चाळीत बाबासाहेबांनी उमेदीची बरीच वर्षे काढली होती. यंत्रात हात सापडलेला कामगार, क्षयाने महिनोन्महिने खाटेवर खिळलेला रुग्ण, पोलिओने पाय गेलेले मूल, अशी माणसे शहरात ठायीठायी होती. पोलिओवरील लस तेव्हा निघालेली नव्हती. याच शहरात डॉ. फातिमा इस्माईल यांनी स्वतःच्या मुलीच्या पोलिओच्या अनुभवातून अशा मुलांसाठी 1947 साली संस्था काढली होती. म्हणजे गरज दिसत होती आणि काही माणसे हलू लागली होती. नव्हते ते शिकलेले मनुष्यबळ.

कमलाबाईंचे मोठेपण मला येथे दिसते. एका रुग्णालयात एक विभाग चालवून त्यांना समाधान मानता आले असते. परदेशी पदवी होती, मानही मिळाला असता. परंतु विभाग फार तर त्या रुग्णालयात येणाऱ्यांना पुरतो. शाळा काढली तर तिच्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण दुसरीकडे नवा विभाग उभा करतो. म्हणून 1950 साली त्यांनी केईएममध्ये व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आशिया खंडातील ही अशी पहिली शाळा होय. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील बाई, काही वर्षांपूर्वी स्वतः बाकावर बसलेली, आता फळ्यासमोर उभी राहिली. जो पेशा देशाला माहीत नाही, ज्याच्या जागा कोठल्या मंजुरीत नाहीत, त्याचे शिक्षण घ्यायला मुले-मुली कशी मिळवायची आणि त्यांना पुढे नोकरी कोण देणार, हे प्रश्न अशा कामात पहिल्या दिवसापासून असतात.

पुढचा पट भराभर उलगडला. 1952 साली अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली आणि कमलाबाई तिच्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला. त्याच्या दहा संस्थापक देशांत अमेरिका आणि इंग्लंडच्या बरोबरीने भारताचे नाव लागले. 1958 साली नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसरी शाळा निघाली, तीही त्यांच्याच प्रयत्नाने. 1960 पासून आशियातील पुनर्वसन या विषयाला वाहिलेले एक इंग्रजी नियतकालिक त्यांनी संपादित केले. शाळा, संघटना आणि नियतकालिक ही तिन्ही हाती आली की नवा पेशा मूळ धरतो. मूकनायक, बहिष्कृत हितकारिणी सभा आणि सिद्धार्थ महाविद्यालय यांचा इतिहास जाणणाऱ्या वाचकास हा क्रम ओळखीचा वाटेल.

1950 या सालाविषयी आणखी थोडे. ज्या वर्षी परळला ही शाळा सुरू झाली, त्याच वर्षी 26 जानेवारीला संविधान अमलात आले. त्यातील 41 व्या अनुच्छेदात काम, शिक्षण आणि सरकारी साहाय्य यांच्या हक्कासंबंधी राज्याची जबाबदारी सांगताना बेकारी, वार्धक्य व आजार यांच्याबरोबर विकलांगतेचाही स्पष्ट उल्लेख आहे. हा विषय तेथे धर्मादायाच्या रकान्यातून उठून हक्काच्या भाषेत आला. परंतु मार्गदर्शक तत्त्व न्यायालयातून बजावून घेता येत नाही आणि अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष कायदा येण्यास 1995 साल उजाडले. 2016 च्या कायद्याने विकलांगतेचे 21 प्रकार मानले, सरकारी नोकरीत किमान 4 टक्के आणि उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा राखल्या. मधल्या पंचेचाळीस वर्षांत काम तगले ते कमलाबाईंसारख्यांनी घडवलेल्या माणसांच्या बळावर. हक्क कागदावर असला तरी तो माणसापर्यंत नेणारा जाणकार लागतो. आज आपण अपंग न म्हणता दिव्यांग म्हणतो. शब्द बदलला हे ठीक, पण तहसीलच्या पायऱ्या बहुतेक ठिकाणी आहेत तशाच आहेत.

आपल्या बीड जिल्ह्याशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. दसरा सरला की आपल्याकडील हजारो कुटुंबे उचल घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. त्यांपैकी एकाच्या बोटावरून कोयता फिरला, गाडीवरून पडून कंबर गेली, की तो कोयता मोडतो आणि उचल मात्र अंगावर राहते. जखमेला टाके पडतात, पण त्या हाताने पुन्हा काम कसे करायचे हे शिकवणारे कोणी भेटत नाही. घरात हातपाय आखडलेले मूल असेल तर ते आजीपाशी मागे राहते किंवा कोपीच्या दारात दिवसभर बसून असते. प्रमाणपत्रासाठी बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या खेपा होतात, प्रमाणपत्र मिळते, आणि पुढे त्या मुलाला बसायला, बोलायला, शाळेत यायला कोण शिकवणार हे कोणालाच ठाऊक नसते. हात हेच ज्यांचे भांडवल, त्यांच्या वस्तीत हाताचे शास्त्र शिकलेले माणूस नसावे, हे मला खटकते. आपली मुले-मुली वेदना दुरून पाहिलेली नाहीत. ती हे शिक्षण घेतील तर रुग्णाची भाषा त्यांना वेगळी शिकावी लागणार नाही.

कमलाबाईंचे निधन 1979 साली झाले. भारतातील पुनर्वसन आणि व्यवसायोपचार यांचा इतिहास सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक पुढील वर्षी प्रसिद्ध झाले. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी सातारा जिल्ह्यातील फलटण येथे शेतीसंशोधनाचे काम उभे केले. फलटण हे नाव आपल्या ऊसतोड पालकांना तेथील कारखान्यांमुळे परिचित आहे. त्याच गावात डॉ. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या विदुषीने मंगळवार पेठेतील दलित मुलांना शिकवण्यापासून सुरुवात केली आणि 1986 साली मराठी माध्यमाची एक शाळा स्थापली. ती कमला निंबकर बालभवन या नावाने चालते.

त्यांनी रोवलेली परळची आणि नागपूरची रोपे आज पदवी महाविद्यालये झाली आहेत. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या आणि नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयांतही हा अभ्यासक्रम आहे. बारावीला विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र हवे, प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. ज्यांना शिक्षकी पेशाची ओढ आहे त्यांच्यासाठी विशेष शिक्षणातील डी.एड. व बी.एड. आहेत. संस्था भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली आहे ना, एवढे आधी तपासावे. एमबीबीएस हुकले म्हणून वर्ष वाया गेले असे समजणाऱ्या मुलामुलींनी पसंतीक्रम भरताना बी.ओ.टीएच. ही अक्षरे वगळून पुढे जाऊ नये.