गाडीच्या खांद्याचा सांधा

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १८९१ मध्ये जन्मलेले अर्ल मॅकफर्सन दुसऱ्या महायुद्धानंतर शेवरोलेसाठी छोटी, स्वस्त मोटार घडवत होते. १९४७ मध्ये कंपनीने ती योजनाच गुंडाळली. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या दांड्यात बसवण्याची त्यांची रचना १९५० च्या दशकात ब्रिटनच्या फोर्ड कॉन्सलमधून रस्त्यावर आली. १९६० मध्ये ते वारले. आज असंख्य छोट्या मोटारींची पुढची चाके याच ‘मॅकफर्सन स्ट्रट’वर धावतात.

हा स्ट्रट वर बॉडीला जिथे जोडतात, तिथे रबरी माउंट आणि बेअरिंग असते. रबर मणक्यांमधल्या गादीसारखे हादरे शोषते. स्टिअरिंग फिरवले की चाकाबरोबर स्ट्रटही वळतो. बेअरिंगमुळे तो सहज वळतो. रबर फाटले की खड्ड्यात ठकठक ऐकू येते. बेअरिंग अडकले की स्टिअरिंग जड होते, वळणानंतर आपसूक सरळ होत नाही.

सतत हादरे सोसणाऱ्या चालकांमध्ये कंबरदुखी अधिक आढळते. म्हणून दुखऱ्या कमरेवर उपचार घेताना गाडीचे माउंटही गॅरेजमध्ये तपासून घ्यावेत.