सहा आकड्याचा बिल्ला

बेळगावला माझी बदली झाली ती १९९१ च्या पावसाळ्यात. बिऱ्हाड पुण्यातच ठेवलं होतं, त्यामुळे रविवार अंगावर यायचा. तो घालवायला मी कॅम्पात हिंडत असे. तिथल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात, घंगाळं आणि कंदिलांच्या गर्दीत, बिस्किटांच्या डब्यात लष्करी बिल्ले पडलेले असत. त्यातला एक मी उचलला. एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन कुकऱ्या, सहाचा आकडा आणि वर मुकुट. दुकानदार म्हणाला, हा सहाव्या गुरखा पलटणीचा, थेट इंग्रजांच्या अमदानीतला. जनरल स्लिम याच पलटणीचा, आणि तो इथे बेळगावात राहून गेलाय. त्याने दीडशे रुपये सांगितले आणि मी घासाघीस न करता दिले.

नोट खरी की खोटी हे आपल्या बोटांनाच कळतं, असा बँकेतल्या माणसाला गर्व असतो. माझा तो गर्व वर्षभर टिकला. मग एका जाणकाराने बिल्ला हातात घेतला, मुकुटावर नख ठेवलं आणि परत केला. सहाव्या गुरखा पलटणीला राणी एलिझाबेथचं नाव मिळालं १९५९ साली, मुकुट चढला तो तेव्हा. म्हणजे इंग्रज इथून गेल्यावर बारा वर्षांनंतरचा हा माल. स्लिमच्या काळच्या बिल्ल्यावर मुकुट असणं शक्यच नव्हतं.

त्या दिवसापासून मी या छंदात पुरता अडकलो. गुरखा पलटणींचे बिल्ले म्हणजे एक प्रकारचं लेजरच आहे, नोंदी वाचता आल्या पाहिजेत. हीच सहावी पलटण १८१७ मध्ये कटक लिजन म्हणून उभी राहिली, पुढे आसामात गेली, मग बेचाळीस क्रमांकाची गुरखा पलटण झाली आणि १९०३ मध्ये तिला सहा हा आकडा मिळाला. त्यामुळे बेचाळीसचा बिल्ला दिसला की संग्राहकांचे डोळे चमकतात. अकरावी गुरखा पलटण पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, इतर पलटणींतून तुकड्या काढून उभारली आणि चार वर्षांत मोडली. तिचे बिल्ले मुळातच थोडे. जिथे मागणी तिथे नकला. जुन्या साच्यावरून नवे ठसे काढायचे, चिंचेऐवजी दुसरं काहीतरी लावून ते काळवंडवायचे आणि विकायचे. मी असे तीन घेतले आहेत. आकडा खरा तर यापेक्षा मोठा आहे, पण घरचे हा लेख वाचणार आहेत.

दुकानदाराचं दुसरं वाक्य मात्र खरं निघालं. विल्यम स्लिम १९३९ मध्ये बेळगावात होता. वरिष्ठ अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्या लष्करी शाळेचा तो प्रमुख होता. तिथून मी त्याच्या मागे लागलो.

स्लिमचा जन्म १८९१ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. वडिलांचा लोखंडी सामानाचा धंदा बुडाला आणि कुटुंब बर्मिंगहॅमला आलं. मुलगा हुशार, पण कॉलेजात घालण्याइतके पैसे घरात नव्हते. त्याने काही काळ गरीब वस्तीतल्या प्राथमिक शाळेत शिकवलं, मग धातूच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत कारकून म्हणून लागला. लष्कराची ओढ होती, पण त्या काळी इंग्रज पलटणीत अधिकारी म्हणून राहायचं तर पगारावर भागत नसे, घरून पैसा यावा लागे. या कारकुनाने युक्ती काढली. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या छात्रसेनेत तो १९१२ मध्ये शिरला, विद्यापीठाचा विद्यार्थी नसतानाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो होतो. आपल्याकडची कितीतरी मुलं डोळ्यांपुढे आली.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि तो अधिकारी झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये गॅलिपोलीच्या डोंगरावर त्याच्या इंग्रज तुकडीची गाठ पडली सहाव्या गुरखा पलटणीशी. गुरखे त्या कड्याच्या माथ्यापर्यंत पोचले, आणि मग तोफांच्या माऱ्यात त्यांना मागे यावं लागलं. स्लिम तिथेच जबर जखमी झाला. त्या लढाईत त्याने जे गुरखे पाहिले ते त्याच्या मनातून कधी गेले नाहीत. १९१९ मध्ये तो हिंदुस्थानी लष्करात आला आणि १९२० मध्ये सहाव्या गुरखा पलटणीत दाखल झाला. मन ओढत होतं हे खरं, पण इथल्या पगारात निभाव लागतो हाही हिशेब होताच. मुकुट नसलेला तो साधा सहाचा बिल्ला त्याने त्या दिवशी टोपीला लावला. त्यांची भाषा तो शिकला. पुढे लाखोंच्या फौजेचा सेनापती झाल्यावरही गुरखा शिपायाशी तो त्याच्याच भाषेत बोलत असे.

मला तो सगळ्यात जवळचा वाटतो तो इथे. १९२६ मध्ये लग्न झालं, दोन मुलं झाली आणि पैशाची ओढाताण सुरू झाली. तेव्हा हा लष्करी अधिकारी रात्री बसून मासिकांसाठी गोष्टी लिहू लागला. नाव घेतलं अँथनी मिल्स. इंग्रजीत स्लिमची अक्षरं उलटी वाचा, मिल्स होतं. मीसुद्धा पहिली कादंबरी टोपणनावाने छापली. शाखेतल्या एका वरिष्ठांच्या मते लिहिणाऱ्या माणसाचं कॅशकडे लक्ष नसतं. दिवसभर व्हाउचर, रात्री कागद. चोरी केल्यासारखं वाटायचं.

१९३८ मध्ये सातव्या गुरखा पलटणीची एक बटालियन त्याच्याकडे आली, मग बेळगाव, आणि सप्टेंबरात महायुद्ध. पहिली मोठी लढाई, १९४० मधली सुदानच्या सरहद्दीवरची, फसली, आणि ती आपल्याच कचखाऊपणामुळे फसली हे त्याने पुढे उघड लिहून ठेवलं. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून नऊशे मैलांची माघार त्याच्या वाट्याला आली. ऐन पावसाच्या तोंडावर, आजारी, फाटक्या फौजेला त्याने हिंदुस्थानच्या सरहद्दीवर आणलं, हातातली शस्त्रं न टाकता.

मग चौदावी आर्मी. तिच्यात बहुसंख्य हिंदुस्थानी, आणि त्यांत आपले मराठेही. मार्च १९४४ मध्ये संगशकच्या टेकडीवर मराठा पलटणीची चौथी बटालियन जपान्यांना अडवून लढली. या आर्मीच्या बिल्ल्याचं चित्र खुद्द स्लिमचं. लाल ढालीवर तलवार, पण टोक खाली. बिल्ल्यांच्या शास्त्रात तलवार वर टोक करून असावी असा संकेत. त्याने तो मोडला, कारण ब्रह्मदेश परत घ्यायचा तर उत्तरेकडून खालीच उतरायचं होतं. इंफाळ, कोहिमा, इरावती आणि मे १९४५ मध्ये रंगून. तो तसाच उतरला.

रंगून घेतल्यावर चारच दिवसांत वरिष्ठाने त्याला त्या आर्मीवरून बाजूला करायचं ठरवलं. बँकेतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. फौजेत खळबळ उडाली, शेवटी तो वरिष्ठच गेला आणि त्याची खुर्ची स्लिमला मिळाली. नंतर तो ब्रिटिश सेनेचा प्रमुख झाला. हिंदुस्थानी लष्करातून आलेला पहिलाच. फील्ड मार्शल, ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल, १९५६ मध्ये ब्रह्मदेशच्या मोहिमेवरचं गाजलेलं पुस्तक. १९७० च्या डिसेंबरात तो लंडनमध्ये वारला.

इथेच थांबलो असतो. पण २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक पुस्तक आलं. लहानपणी तिथल्या एका आश्रमशाळेत राहिलेल्या काहींनी, गव्हर्नर जनरल म्हणून भेटीला आलेल्या स्लिमने आपल्याशी गैरवर्तन केल्याचं सांगितलं. आरोपी केव्हाच गेलेला, कोर्टात काही सिद्ध झालं नाही, होण्यासारखंही नव्हतं. कॅनबेरात त्याच्या नावाचा एक रस्ता होता, त्याचं नाव पुढे बदललं. मी हे वाचलं त्या रात्री बिल्ल्यांची पेटी उघडलीच नाही. ज्याच्या कारकुनीवर आणि टोपणनावावर मी इतका जीव लावला होता, त्याच्याविषयी हेही वाचावं लागलं. बोलणारी माणसं म्हातारी होती आणि त्यातून त्यांना काय मिळणार होतं, हा प्रश्न मला सोडत नाही. कादंबरीकार असतो तर मी दोन्ही बाजूंच्या मनात शिरलो असतो. पण हे खऱ्या माणसांबद्दल आहे.

सहावी गुरखा पलटण १९४८ मध्ये ब्रिटिश सेनेत गेली आणि १९९४ मध्ये दुसऱ्या पलटणीत विलीन होऊन तिचा आकडा संपला. साधा, बिनमुकुटाचा सहा मला आठ वर्षांपूर्वी मिळाला, खात्रीचा. तो मी पेटीत मुकुटाच्या सहाशेजारीच ठेवलाय. आणि चौदाव्या आर्मीचा कापडी बिल्लाही आहे, तलवार खाली केलेला. नातू पेटी उघडली की तो हमखास उलटा करून ठेवतो, त्याला वाटतं आजोबांनी चुकून लावलाय. मी पुन्हा फिरवून ठेवतो.