मार्जरी साइक्स आणि सेवाग्रामातील मौन

वर्धा जिल्ह्यात परदेशी पाहुण्यांची वानवा कधी नव्हती. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर सेगावी राहावयास गेले आणि १९४० मध्ये त्या गावाचे सेवाग्राम झाले, तेव्हापासून जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसे वर्ध्याच्या स्टेशनावर उतरत आणि बैलगाडीने वा पायी आश्रमाची वाट धरीत. बहुतेकांचे येणे त्या एका व्यक्तीसाठी होते. तिच्या निधनानंतर तो ओघ आटला, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. मार्जरी साइक्स यांचे वेगळेपण असे, की त्या सेवाग्रामात कामाला आल्या तेव्हा बापूकुटी रिकामी झालेली होती. त्यांना तेथे बोलावणारा महात्मा १९४८ च्या जानेवारीत गेला. त्या आल्या १९४९ मध्ये. गेलेल्या माणसाच्या निमंत्रणाला मान देऊन त्यांनी आयुष्याची दहा वर्षे विदर्भाच्या त्या उन्हात काढली.

यॉर्कशायरमधील मेक्सबरो येथे ११ मे १९०५ रोजी त्यांचा जन्म झाला. तो मुलूख कोळशाच्या खाणींचा, आणि वडील शाळेचे मुख्याध्यापक. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करून आणि अध्यापनाचे शिक्षण घेऊन त्या १९२८ साली मद्रासच्या बेंटिंक कन्याशाळेत शिक्षिका म्हणून दाखल झाल्या. ही शाळा लंडन मिशनरी सोसायटीची. मिशनच्या शाळेतील गोऱ्या बाई म्हणजे वेगळा बंगला, वेगळे ताट आणि विद्यार्थिनींपासून राखलेले अंतर, असे त्या काळचे रूढ चित्र होते. मार्जरीबाई त्या चित्रात बसल्या नाहीत. त्यांनी तमिळ आत्मसात केली, पुढे शाळेची सूत्रे हाती आल्यावर तेथील जीवन सर्व जातिधर्मांच्या मुलींना आपले वाटेल असे घडविण्याचा प्रयत्न केला, आणि राजगोपालाचारींच्या परिचयातून गांधीविचाराकडे त्या ओढल्या गेल्या. मद्रासच्या याच मुक्कामात त्यांचा क्वेकरांशी संबंध आला व त्या पंथात त्या सामील झाल्या.

क्वेकर पंथ मराठी वाचकाला तसा अपरिचितच. सतराव्या शतकात इंग्लंडातील यादवीच्या धामधुमीत जॉर्ज फॉक्स नावाच्या तरुणाने चर्च, पुरोहित आणि संस्कार यांची मध्यस्थी नाकारली व प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश वसतो अशी शिकवण दिली. या मंडळींनी आपल्याला मित्रांचा समाज असे नाव घेतले. त्यांच्या उपासनागृहात वेदी नाही, मूर्ती नाही, ठरलेले स्तोत्र नाही. तासभर सर्वांनी एकत्र शांत बसायचे, एवढीच उपासना. कोणाला आतून प्रेरणा झालीच तर ती व्यक्ती, मग स्त्री असो वा पुरुष, उठून चार शब्द बोलते आणि खाली बसते. तिला कोणी उत्तर देत नाही, खंडनमंडन होत नाही. कधी कधी संपूर्ण तास एकही शब्द न उच्चारता जातो, आणि शेवटी शेजाऱ्याशी हस्तांदोलन करून लोक उठतात.

टाळमृदंगाच्या घोषात वाढलेल्या महाराष्ट्राला हे चमत्कारिक वाटावे. आपल्याकडे मौन आहे, पण ते एकट्याचे व्रत आहे. चार माणसे जमली की आपण आरती म्हणतो, भजन करतो, निदान प्रवचन तरी ऐकतो. समुदायाने मिळून गप्प राहणे, आणि त्या गप्प राहण्यालाच भक्ती मानणे, ही क्वेकरांची खासियत होय. ते केवळ उपासनेतच गप्प राहतात असे नव्हे. मंडळीचे व्यवहारही त्याच वातावरणात ठरतात. तेथे मते मोजली जात नाहीत. एक कार्यवाह असतो. बोलणाऱ्यांचा कल कोठे जातो हे पारखून तो तेथल्या तेथे निर्णय लिहून काढतो आणि वाचून दाखवतो. सर्वांना पटला तर तो मंडळीचा निर्णय. न पटला तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. ही पद्धत संथ आहे, कधी कधी असह्य वाटावी इतकी संथ. अमेरिकेतील क्वेकरांपैकी काहींनी गुलामगिरीविरुद्ध पहिला लेखी निषेध १६८८ मध्ये नोंदविला; फिलाडेल्फियाच्या मंडळीने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्यास पूर्ण बंदी केली ती १७७६ मध्ये. मधली ८८ वर्षे मन वळविण्यात गेली. गुलामांच्या बाजूने पाहिले तर हा विलंब क्षम्य नव्हे. पण देशाला यादवी युद्धापर्यंत नेणारा हा प्रश्न क्वेकरांनी आपल्यापुरता त्या युद्धाच्या आठ दशकांहून अधिक काळ आधीच मिटविला होता, हेही खरे.

वर्ध्याला या पंथाचा शेजार जुना होता. नागपूर राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्य प्रांतातच, नर्मदाकाठी होशंगाबाद, इटारसी, सोहागपूर या भागात इंग्लंडच्या क्वेकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम सुरू केले होते. दुष्काळात निराधार झालेली मुले त्यांनी सांभाळली, शाळा व दवाखाने चालविले. गांधीजींशी या पंथाचे नाते मात्र मिशनपेक्षा मैत्रीचे राहिले. हॉरेस अलेक्झांडर, ॲगाथा हॅरिसन ही त्यातली ठळक नावे. १९४२ मध्ये युद्धकालीन मदतकार्यासाठी भारतात आलेले क्वेकरांचे रुग्णसेवा पथक प्रथम सेवाग्रामी जाऊन गांधीजींना भेटले आणि मग बंगालकडे गेले. सेवाग्रामच्या सर्वधर्मप्रार्थनेचा आरंभ दोन मिनिटांच्या शांतीने होतो. त्या दोन मिनिटांत क्वेकर माणसाला आपल्या उपासनागृहाची ओळख पटावी, यात नवल नाही.

मार्जरीबाई मात्र थेट सेवाग्रामला आल्या नाहीत. १९३९ मध्ये रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून त्या शांतिनिकेतनात गेल्या, बंगाली शिकल्या आणि कवीच्या बालपणीच्या आठवणींचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. दीनबंधू ॲण्ड्र्यूज त्याच वर्षी निवर्तले. त्यांचे चरित्र लिहिण्याची जबाबदारी मार्जरीबाई आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी उचलली. गांधीजींचे बोलावणे आले तेव्हा हे चरित्र अपुरे होते. हातचे काम टाकून येणे त्यांच्या स्वभावात नव्हते. चरित्र पुरे झाल्यावर त्या निघाल्या. याच काळात देश स्वतंत्र झाला होता, आणि या इंग्रज बाईंनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले.

ज्या कामासाठी त्या आल्या त्या नयी तालीमचा जन्मही वर्ध्याचाच. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत तिची कल्पना मांडली गेली, झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला आणि पुढे सेवाग्रामात हिंदुस्थानी तालिमी संघ स्थिरावला. संघाची धुरा वाहणारे आर्यनायकम हे सिलोनचे ख्रिस्ती, त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली, आणि दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. अध्यापकांच्या प्रशिक्षणाचे काम मार्जरीबाईंकडे आले.

नयी तालीम म्हणजे टकळी, अशी सोपी समजूत महाराष्ट्रात पसरली आणि तीच पुढे तिच्या मुळावर आली. सेवाग्रामात सूत होतेच. वर्धा हा कपाशीचा जिल्हा. कापूस वेचण्यापासून सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे, कातणे आणि विणणे या साऱ्या साखळीत गणित, भूगोल, इतिहास आणि विज्ञान गुंफता येते, हे तेथे करून दाखविले गेले. पण त्या शाळेचा प्राण सुतात नव्हता, सामुदायिक जीवनात होता. पहाटेची प्रार्थना झाली की सफाई. संडास साफ करणे, मैल्याचे खत करणे, ही कामे गुरू आणि शिष्य दोघांच्याही वाट्याला येत. ज्या समाजात एका जातीचा जन्मच या कामासाठी ठरविला गेला होता, तेथे याचा अर्थ काय होता हे सांगावयास नको. रसोडा मुले चालवीत. मुले आपल्यातून मंत्री निवडीत. अन्नमंत्र्याला उपलब्ध पैशात धान्य, भाजी व दूध यांचा मेळ घालून सर्वांना पोषक आहार मिळेल असा हिशेब मांडावा लागे. सफाई, आरोग्य, शेती यांचेही असेच. आणि आमसभेत या मंत्र्यांना आपल्या कामाचा जाब द्यावा लागे. देशाच्या विधानसभांतून जे दृश्य दुर्मिळ होत गेले, ते सेवाग्रामच्या बाराचौदा वर्षांच्या मुलांना अंगवळणी पडले होते.

क्वेकरांच्या सभेत बसण्याची सवय असलेल्या शिक्षिकेला हे वातावरण परके वाटण्याचे कारण नव्हते. आधी ऐकायचे, मग बोलायचे. निर्णय सर्वांचा, म्हणून त्याचे कष्टही सर्वांचे. लहानाच्या तोंडूनही सत्य येऊ शकते. या गोष्टी त्यांच्या पंथाने तीनशे वर्षे जपल्या होत्या. धर्मांतराचा विषय त्यांनी कधी काढला नाही. वर्ध्यात क्वेकरांचे उपासनागृह उभे करावे असेही त्यांना वाटले नाही. आश्रमाची प्रार्थनाभूमी त्यांना पुरेशी होती. १९४९ च्या डिसेंबरात जागतिक शांततावाद्यांची परिषद प्रथम शांतिनिकेतनात आणि मग सेवाग्रामात भरली. मार्जरीबाईंच्या जीवनाची दोन ठाणी अशी एका परिषदेने जोडली गेली.

परंतु सरकारी नयी तालीम वेगळ्याच वाटेने गेली. राज्योराज्यी मूलोद्योग शाळा निघाल्या, फर्माने सुटली, टकळ्यांची खरेदी झाली. आमसभा कोणी घेतली नाही, संडास कोणी साफ केले नाहीत. खेड्यातील पालकांना वाटले, साहेबाची मुले इंग्रजी शिकणार आणि आमची मुले सूत कातणार. हा संशय अगदीच खोटा नव्हता. ज्यांनी या शिक्षणाची भलावण केली, त्यांतील किती जणांनी आपली मुले तेथे घातली? महाराष्ट्रात अनेक प्राथमिक शाळांवर जीवन शिक्षण विद्यामंदिर ही पाटी मात्र राहिली. १९५९ मध्ये तालिमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला, आणि त्याच वर्षी मार्जरीबाईंनी सेवाग्राम सोडले. ग्रामदानाच्या लाटेत शाळेकडे पाहण्यास आंदोलनाला सवड उरली नव्हती, असे म्हणणे कठोर वाटेल, पण ते वस्तुस्थितीला धरून आहे.

येथे एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. सर्व सेवा संघाचे निर्णयही बहुमताने नव्हे तर सर्वसंमतीने होत. वरवर पाहता हीच क्वेकरांची रीत. परंतु १९७४ मध्ये जयप्रकाशांच्या आंदोलनाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा ही रीत टिकली नाही. जुलैमध्ये वर्ध्याला विनोबांनी प्रत्येकाला सत्य, अहिंसा व संयम सांभाळून आपापल्या मार्गाने जाण्याची मोकळीक देऊन फूट टाळली. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभराचे मौन घेतले, आणि १९७५ च्या मार्चमध्ये पवनारच्या बैठकीत ती फूट उघड झालीच. एकीकडे सर्वसंमती होती, दुसरीकडे मौनही होते, आणि तरी संघटना दुभंगली. कारण ते मौन एका थोर माणसाचे होते, सभेचे नव्हते. आणि संमतीही बहुधा त्या थोर माणसाला असे, परस्परांना नव्हे. क्वेकरांच्या कार्यवाहाला कोणी संत मानत नाही. तो आज आहे, उद्या दुसरा असेल. आपल्या गांधीवादी संस्थांनी व्यक्तीचा आधार घेतला आणि रीत घडविण्याचे कष्ट टाळले. संस्थापकाच्या पश्चात त्या कलहात सापडल्या, यात योगायोग फार थोडा आहे.

मार्जरीबाई त्या वेळी सेवाग्रामात नव्हत्या. निलगिरीतील कोटगिरी येथे घर करून त्यांनी शांतिसैनिकांना शिक्षण दिले. १९६४ मध्ये नागालँडात शस्त्रसंधी झाली तेव्हा तिच्या पालनावर लक्ष ठेवणाऱ्या शांतिनिरीक्षकांत त्यांचा समावेश झाला. दोन्ही बाजूंचे ऐकून घेणे आणि कोणत्याही बाजूचे हत्यार न होणे, हे तेथील काम. पुढे त्या होशंगाबादजवळच्या रसूलिया येथील क्वेकरांच्या ग्रामीण केंद्रात राहिल्या. भारतातील क्वेकरांच्या विस्मृत शतकाचा इतिहास त्यांनी १९८० मध्ये लिहिला, तर १९८८ मध्ये नयी तालीमची कहाणी.

नव्वदीकडे झुकलेल्या वयात त्या इंग्लंडला परतल्या आणि क्वेकरांच्या वृद्धनिवासात राहू लागल्या. वर्ध्याशी नाते तरीही सुटले नाही. पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरातील कालिंदीताईंनी विनोबांच्या शब्दांतून संकलित केलेल्या आत्मकथनाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी केला. तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. १७ ऑगस्ट १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. सेवाग्रामातील बंद पडलेली शाळा नयी तालीम समितीने २००५ मध्ये आनंद निकेतन या नावाने पुन्हा सुरू केली आहे, आणि तेथील मुलांच्या दिवसात शेतीला, सुताला आणि स्वयंपाकाला पुन्हा जागा मिळाली आहे.