न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे : मुक्त व्यापाराचा सिद्धान्त आणि देशकालाचा विचार



प्रस्तावना

मराठीच्या अभ्यासक्रमात अर्थचिंतकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. १८७८ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या मराठी ग्रंथकार संमेलनाचे अध्यक्ष रानडे होते, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर आपल्या रोजच्या जीवनात आहे. हा घटक मी गडचांदूर येथे बसून लिहीत आहे. येथे चुनखडीच्या बळावर सिमेंटचे कारखाने उभे राहिले; भोवतालच्या शिवारात कापूस पिकतो. कापसाला सरकारने हमीभाव द्यावा की भाव बाजारावर सोडावा, परदेशी कापसावर आयात शुल्क असावे की नसावे, हा वाद आपणही ऐकला असेल. त्याची मुळे समजून घेण्यासाठी रानड्यांचे चरित्र उपयोगी पडते.

जीवनपट

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होते. १८७१ मध्ये ते न्यायाधीश म्हणून पुण्यात आले आणि १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे वैचारिक आधारस्तंभ बनले. देशी व्यापाराच्या अवनतीवर त्यांनी पुण्यात मराठीतून व्याख्याने दिली. अर्थशास्त्राचा विषय लोकांच्या भाषेत मांडता येतो, हे त्यांनी कृतीने दाखविले.

दुष्काळाची कसोटी

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, भाव चढले की व्यापारी आपोआप धान्य आणतील, अशी राज्यकर्त्यांची धारणा होती. धान्य काही प्रमाणात आलेही. परंतु ज्याच्या हाती मजुरीच नाही, त्याला ते विकत कसे घेता येणार? अशा वेळी दुष्काळी कामांवरील मजुरी घटविण्यात आली. सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सरकारी नोकरीत असलेल्या रानड्यांना हे कार्य सोपे नव्हते. त्यांची नाशिकला आणि पुढे धुळ्याला बदली झाली. तेथे त्यांच्या टपालावरही पाळत होती. तथापि त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही.

सिद्धान्ताची चिकित्सा

१८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी आपली भूमिका मांडली. इंग्लंडमध्ये तयार झालेले आर्थिक नियम सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखेच लागू होत नाहीत, हा तिचा गाभा होय. फ्रीडरिश लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. नवजात उद्योगांना आरंभी सरकारने आधार द्यावा, भांडवल उभारण्यास साहाय्य करावे, असे ते म्हणत.

सरकारच्या वागण्यातील विसंगतीही त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. व्यापारात हस्तक्षेप नको म्हणणारे सरकार रेल्वे कंपन्यांना व्याजाची हमी देत होते आणि सिंकोनाचे मळे लावीत होते. आपल्या जुन्या चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याची कोळसा खाणही त्या काळी सरकारच चालवीत होते. पुढे १८९६ साली आयात कापडावर साडेतीन टक्के जकात बसली, तेव्हा हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर लादला गेला. मुक्त व्यापाराच्या नावाखाली लँकेशरच्या गिरण्यांचे हित जपले गेले.

मात्र रानडे सरकारशाहीचे समर्थक होते, असे समजू नये. वारंवार वाढणारा शेतसारा रयतेची बचत खाऊन टाकतो, म्हणून तो कायमचा निश्चित करावा, असा त्यांचा आग्रह होता. येथे त्यांना सरकारचा हात आखडलेला हवा होता.

मूल्यमापन

खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते एक रास्त आक्षेप घेतात. संरक्षण एकदा दिले की ते काढून घेणे अवघड होते; बाल्यावस्थेतील उद्योग कधी प्रौढ होतच नाही. स्वातंत्र्योत्तर काळातील परवाना पद्धतीचा अनुभव या आक्षेपाला बळ देतो. ही पद्धत १९९१ नंतर मोठ्या प्रमाणात मोडीत निघाली. आधार केव्हा थांबवावा, या प्रश्नाचे नेमके उत्तर रानड्यांच्या विवेचनातून मिळत नाही, ही त्यांची मर्यादा मान्य केली पाहिजे.

समारोप

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. भाषेचा अभ्यासक म्हणून मला येथे एक गोष्ट सुचवावीशी वाटते. ‘मुक्त’ हे विशेषण पंचमीची अपेक्षा ठेवते : कशापासून मुक्त? आणि त्यामागोमाग चतुर्थीही येते : कोणासाठी मुक्त? कापूस कोठेही विकण्याची मोकळीक मागणारा शेतकरी आणि कापूस कोठूनही आणण्याची मोकळीक मागणारा गिरणीमालक एकच शब्द वापरतात. त्यांचे अर्थ मात्र भिन्न असतात. पुढील वेळी हा शब्द आपल्या कानी पडेल, तेव्हा या दोन विभक्ती आठवाव्यात.

आपली प्रगती तपासा

१. मुक्त व्यापाराच्या सिद्धान्तावर रानडे यांचा मुख्य आक्षेप कोणता?
२. शेतसारा आणि उद्योग यांविषयीच्या त्यांच्या भूमिका परस्परविरोधी आहेत काय? आपले मत सकारण लिहा.