कर्करोगाच्या जिवंत पेशीचा वेध घेणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

कर्करोगाची गाठ उद्भवल्या जागीच थांबती, तर हा रोग इतका घातक ठरला नसता. गाठीपासून सुटलेल्या काही पेशी रक्तावाटे दूरच्या अवयवांत पोहोचून तेथे नवी गाठ निर्माण करतात. यकृताचा कर्करोग अनेकदा असाच फुफ्फुसात पसरतो. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर थॉमस अ‍ॅशवर्थ यांनी १८६९ साली गाठीतील पेशींसारख्या पेशी रक्तात पाहिल्या. पण ते रक्त मृत रुग्णाचे होते. कर्करोगाची पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून अभ्यासण्याचे तंत्र भारतात रुजवण्याचे श्रेय डॉ. कमल रणदिवे यांच्याकडे जाते.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. कन्येने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा होती. कमलताईंनी मात्र संशोधनाचा मार्ग निवडला. त्यांचे शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये झाले. १९३९ साली त्या गणितज्ज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. पदवी घेतली. पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. व. रा. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. संपादन केली.

त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीरातील पेशी काचपात्रात वाढवण्याचे तंत्र, आत्मसात केले. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाचा कर्करोग, आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्या परस्परसंबंधांचा त्यांनी शोध घेतला. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान मिळाला. २००१ साली त्यांचे निधन झाले.

आज रुग्णाच्या रक्तातील कर्करोगाच्या पेशी वेगळ्या काढता येतात. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात. त्यांत या पेशी जेमतेम दोन-चार सापडतात, कित्येकदा एकही नाही. म्हणूनच यकृताच्या कर्करोगात ही तपासणी अद्याप नेहमीच्या उपचारांचा भाग झालेली नाही. हाती आलेल्या या मोजक्या पेशी काचपात्रात जगवून त्यांवर कोणते औषध लागू पडते, हे पाहण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. त्यांसाठी जे कौशल्य लागते, त्याची भारतातील पहिली शाळा डॉ. रणदिवे यांनी मुंबईत घातली होती.